खोकला न मिळण्याबाबत

मापसाहेबांची उजवीकडची एक दाढ चार वर्षांपासून ठणकत होती, ते चार वर्षांपासून फक्त डावीकडून जेवत होते, आणि या सगळ्याला कारण होता एक खोकला. खोकला त्यांचा नव्हता. तो कुणाचा होता, हाच तर सगळा वाद होता.

मापसाहेब म्हणजे वजनमाप खात्यातले निरीक्षक. बाजारातले तराजू तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा, काटा केसभर हलला तरी दुकानदाराला घाम फोडायचा, हे त्यांचं काम. खात्यानं त्यांना एक स्टॉपवॉच दिलं होतं, ते ते घरीही वापरत. अंडं उकडायला ठेवलं की बायको म्हणायची, "अहो, अंड्यालाही शिक्का मारणार आहात का?" तर असा माणूस. आणि अशा माणसाला आयुष्यात एकच व्यसन, ते म्हणजे 'हौद'.

हौद म्हणजे पाण्याचा नव्हे. त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत चार जणांच्या एका रॉक बँडनं एक अल्बम काढला होता. त्याच्या कव्हरवर एका कोरड्या पोहण्याच्या तलावाचं चित्र होतं, म्हणून नाव काहीही असो, मापसाहेब आणि त्यांचा मित्र त्याला हौदच म्हणत. हा मित्र दातांचा डॉक्टर, दोन इमारती सोडून राहणारा. मापसाहेब त्याला दात्या म्हणत. दर रविवारी सकाळी दोघं मापसाहेबांच्या पुढच्या खोलीत बसून तो हौद अथपासून इतिपर्यंत ऐकत. मध्ये बोलायचं नाही, चहा भुरकायचा नाही, खुर्ची सरकवायची नाही. दोघांच्या बायका त्या वेळात बाजार करून, गप्पा मारून, वर नवऱ्यांना यथेच्छ नावं ठेवून परत येत. असं तेवीस वर्षं चाललं.

आता या अल्बमच्या दुसऱ्या बाजूला शेवटचं एक संथ गाणं आहे. नुसती गिटार आणि आवाज. सहाव्या मिनिटाला सगळं थांबतं, कान टवकारावेत अशी शांतता होते, आणि त्या शांततेत कुणीतरी खोकतं. एकदाच. मग गाणं पुढे जातं. कंपनीनं तो खोकला तसाच ठेवला होता, आणि भक्तमंडळींना तो सुरांइतकाच पाठ होता.

चार वर्षांपूर्वी एका रविवारी तो खोकला आला, आणि दात्या सहज म्हणून गेला, "बिचारा गायक. घसा तेव्हाच गेला होता त्याचा."

"गायक कशाला?" मापसाहेब म्हणाले. "ड्रमर खोकलाय. आवाज डावीकडून येतो. गायक मधोमध उभा असतो."

"अरे, मी रोज माणसांच्या तोंडात वाकून बघतो. घसा म्हणजे माझ्या दुकानाच्या मागची गल्ली. हा गाणाऱ्याचा खोकला आहे."

"मी आवाज मोजून सांगतोय."

"तुला तराजूतलं कळतं रे, माणसांतलं नाही."

"आणि तुला समोरच्यानं आ केल्याशिवाय काही कळत नाही!"

बस्स. एवढ्यावर तेवीस वर्षांची मैत्री तुटली. तुम्ही हसाल, पण भाऊबंदकीतली भांडणंही याहून मोठ्या कारणावरून होतात असं काही नाही. दात्या चप्पल घालून निघून गेला, मापसाहेबांनी दार जरा जास्तच जोरात लावलं, आणि पुढल्या महिन्यात त्यांची दाढ ठणकायला लागली. दुसऱ्या डेंटिस्टकडे जायला ते काही केल्या तयार होईनात. का, ते विचारलं की म्हणत, "वेळ नाही."

आणि एके दिवशी बायकोनं बाजारातून बातमी आणली, की दात्या दवाखाना बंद करतोय. नवराबायको कायमची मुलीकडे राहायला निघाली आहेत, परगावी, महिनाअखेरच्या शनिवारी ट्रक येणार.

मापसाहेबांचा घास हातातच राहिला.

"अहो, सरळ जा आणि बोला," बायको म्हणाली.

"मी? मी का म्हणून? चूक त्याची आहे."

"मग बसा डाव्या बाजूनं चावत."

त्याच आठवड्यात पेपरात जाहिरात आली, आणि मापसाहेबांना वाटलं, वरचा आपल्याला अगदीच विसरलेला नाही. हौदाची डीलक्स आवृत्ती निघाली होती. सहा तबकड्या, न ऐकलेली गाणी, आणि एकशे वीस पानांचं पुस्तक, ज्यात 'ध्वनिमुद्रणाच्या प्रत्येक मिनिटाची हकिकत' होती. प्रत्येक मिनिटाची! म्हणजे सहाव्या मिनिटाचीही. ते पान दात्याच्या पुढ्यात ठेवायचं, आणि वर एक वाक्य बोलायचं. ते वाक्य मापसाहेबांनी दाढी करताना आरशासमोर घोटून ठेवलं होतं: "जाऊ दे दात्या, चूक कुणाचीही होते." किती उदार वाक्य! म्हणताना त्यांचा त्यांनाच गहिवर येई. त्यांनी किंमतही न विचारता नाव नोंदवलं.

खोका आला तेव्हा मापसाहेब घरात नव्हते. वॉचमननं फोनवर विचारलं, "साहेब, केवढं मोठं धूड आलंय, आहे तरी काय?" मापसाहेब आनंदाच्या भरात म्हणाले, "हौद आहे, हौद! सांभाळून ठेव." वॉचमननं ते इमानेइतबारे सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं. मापसाहेब घरी पोचतात तो सेक्रेटरी जिन्यात नियमावली उघडून उभे. "तिसऱ्या मजल्यावर खासगी हौद बसवायला परवानगी नाही. स्लॅब कोण बघणार?" त्यांना खोका उघडून आतलं पुस्तक दाखवावं लागलं. पुस्तकावर नेमकं तलावाचं चित्र. सेक्रेटरींनी ते बराच वेळ न्याहाळलं आणि "सध्या कोरडा दिसतोय" असं म्हणून ते खाली गेले, पण त्यांची खात्री पटलेली दिसली नाही.

खोका एवढा मोठा होता की कपाटात मावेना, टेबलावर ठेवला तर जेवायला जागा राहीना. शेवटी तो पलंगावर, बायकोच्या बाजूला ठेवला. आत काय नव्हतं? बँडवाल्यांनी त्या वर्षी वापरलेल्या बसच्या तिकिटाची हुबेहूब प्रत. चार गोल पुठ्ठे, पेल्याखाली ठेवायला. घडी उलगडली की परत घालता येत नाही असं पोस्टर. एकाच गाण्याचे सात प्रयत्न, ज्यांतले सहा बँडनं त्या काळी शहाणपणानं फेकून दिले होते. आणि पुस्तक! मापसाहेबांनी घाईघाईनं त्यात ते संथ गाणं शोधलं. तिथं अडीच पानं गायकाच्या जाकिटाबद्दल होती. खोकल्याबद्दल चकार शब्द नाही.

"कानानं ऐकूया," असं म्हणून त्यांनी तबकडी लावली. गिटार सुरू झाली आणि मापसाहेब दचकून मागे सरले. सगळं इतकं मोठ्यानं आणि इतकं पुढे! जुन्या हौदात गायक खोलीच्या पलीकडे उभा राहून गायचा. इथं तो मांडीवर येऊन बसला होता. मापसाहेबांनी दात आवळून, म्हणजे डावीकडचे आवळून, सहा मिनिटं काढली. शांतता आली. ते पुढे झुकले.

काही नाही. खोकला नव्हताच.

त्यांनी पुन्हा लावलं. स्टॉपवॉच धरून लावलं. खोक्याच्या तळाशी एक चिठ्ठी होती: 'मूळ ध्वनिफितींवरचे सर्व अनावश्यक आवाज प्रेमाने काढून टाकले आहेत.' प्रेमाने म्हणे! मापसाहेबांनी ती चिठ्ठी चुरगळली. ते खर्जात म्हणाले, "अगं, पुरावाच नष्ट केला यांनी."

"तुमचं गाणं तर अगदी स्वच्छ वाटतंय," बायको म्हणाली.

"स्वच्छ कुणाला हवं होतं?"

ते खरोखर रडवेले झाले होते. त्यांना डोळ्यांपुढे तो ट्रक दिसत होता.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या. काकू पोस्टातून निवृत्त झालेल्या, आणि अख्ख्या इमारतीचे अर्ज त्याच लिहून देत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कागद मागवला. मापसाहेबांनी मजकूर सांगितला: "तेवीस वर्षांचा जिव्हाळा..."

"थांबा," काकू म्हणाल्या. "अर्जात भावना लिहायची नाही. भावना लिहिली की अर्ज हसण्यावारी नेतात. विषय लिहा, मागणी लिहा, खाली सही." आणि त्यांनी टपोऱ्या अक्षरात विषय घातला: 'खोकला न मिळण्याबाबत.'

तो अर्ज घेऊन मापसाहेब कंपनीच्या तक्रार कक्षात गेले. खिडकीतल्या बाईंनी त्यांना एक छापील फॉर्म दिला. त्यात तीन चौकोन होते: 'वस्तू तुटकी', 'वस्तू चुकीची', 'वस्तू कमी'. मापसाहेब कामाला चोख. त्यांनी 'कमी' वर खूण केली आणि किती कमी, या रकान्यात लिहिलं: 'एक खोकला, पाऊण सेकंद.'

आठव्या दिवशी उत्तर आलं. 'आपला खोकला कमी झाल्याचे वाचून आम्हांस आनंद झाला. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. काळजी घ्यावी.'

बायको हसून हसून पलंगावर आडवी व्हायला गेली, पण तिथं खोका होता. काकूंना मात्र हसू आलं नाही. "सबब हा शब्द वापरलाय त्यांनी," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "म्हणजे आता तुम्हाला स्वतः जाऊन उभं राहावं लागेल."

ट्रकला दहा दिवस राहिले होते. मापसाहेबांनी अर्धी रजा टाकली.

"तुमची तक्रार निकाली निघाली आहे," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "खोकला गेला ना?"

"गेला, हीच तक्रार आहे! मला तो परत हवाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कसा होता?"

त्यांनी ते अगदी साळसूदपणे विचारलं होतं. पण मापसाहेब मापाचा माणूस. त्यांनी खिशातून स्टॉपवॉच काढलं, ताठ उभे राहिले, डावीकडे मान वळवली आणि खोकून दाखवलं. पहिल्यांदा लांबला. दुसऱ्यांदा कोरडा आला. तिसऱ्यांदा मात्र हुबेहूब जमला, आणि त्या समाधानात त्यांना खराखुरा ठसका लागला. मागची रांग चार पावलं मागे सरली. एका आजींनी खडीसाखर पुढे केली. पहारेकऱ्यानं त्यांना दंडाला धरून बाकावर बसवलं. आणि एवढ्यात रांगेतून आवाज आला, "अरे, साहेब तुम्ही?" तो एक किराणा दुकानदार होता, ज्याच्या तराजूला मापसाहेबांनी गेल्याच महिन्यात नापास केलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर जी काळजी होती ती मापसाहेबांना हसण्याहून जास्त लागली.

पण त्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी पाणी आणून दिलं आणि विचारलं, "काका, एवढं काय आहे हो त्या खोकल्यात?"

मापसाहेबांनी काकूंचा सल्ला धुडकावून सगळी भावना सांगून टाकली. दात्या, रविवार, शनिवारचा ट्रक. "माझा एकच मित्र आहे," ते म्हणाले. "तो जातोय, आणि मला त्याच्याशी बोलायला निमित्त नाही."

बाई संगणकाकडे वळल्या. त्यांनी संगणकात 'खोकला' असा शब्द टाकून पाहिला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "या विषयावर आमच्याकडे आधीच एक फाइल आहे. एकतीस वर्षं चालू आहे. कुणाची ते मला सांगता येत नाही. पण नियमाप्रमाणे एका विषयाच्या दोन फायली एकत्र जोडता येतात. जोडू?"

"जोडा," मापसाहेब म्हणाले. त्यांना काही आशा उरली नव्हती.

बुधवारी पत्र आलं. कंपनीचं नव्हे, हातानं लिहिलेलं, अक्षर कापरं.

'महोदय, तुमचा अर्ज कंपनीने माझ्याकडे पाठवला. तो खोकला माझा आहे. मी वायरमन. त्या दिवशी स्टुडिओतला दिवा दुरुस्त करायला शिडीवर चढलो होतो. बँडवाल्यांना घाई झाली. ते म्हणाले, हलू नकोस, श्वाससुद्धा हळू घे, आणि त्यांनी गाणं सुरू केलं. वर धूळ फार होती. मी सहा मिनिटं दाबून धरला. मग नाही राहवलं. ते म्हणाले, हेच उत्तम झालंय, राहू दे. पण माझ्या घरात गाणं लागलं की सगळे माझ्याकडे बघून हसायचे. म्हणून प्रत्येक नव्या आवृत्तीला मी कंपनीला लिहायचो, माझा खोकला काढा. एकतीस वर्षांनी त्यांनी काढला. मी आनंदानं गाणं लावलं. ऐकलं, आणि मला वाटलं, मी त्या खोलीत कधी नव्हतोच. त्या दिवसापासून कुणाला सांगवत नव्हतं. मग तुमचा अर्ज आला. खोकला परत घाला असं मीही त्यांना लिहिलं आहे. तुमचा आभारी.'

मापसाहेबांनी ते दोनदा वाचलं. आरशासमोर घोटलेलं उदार वाक्य आता काही कामाचं नव्हतं. ड्रमर नव्हता. गायकही नव्हता. त्यांनी चपला घातल्या आणि निघाले. बायकोनं कुठं म्हणून विचारलंसुद्धा नाही.

दवाखाना रिकामा झाला होता. कपाटं गेली होती, पाटी उतरवून भिंतीला टेकवली होती, फक्त ती मोठी खुर्ची जमिनीला बोल्टनं घट्ट बसलेली. दात्या तिच्या शेजारी पान्हा घेऊन उभा होता. मापसाहेबांना पाहून त्यानं पान्हा खाली ठेवला. मापसाहेबांनी पत्र पुढे केलं.

दात्यानं चष्मा लावून वाचलं. बराच वेळ वाचलं.

"शिडीवर?" तो शेवटी म्हणाला.

"शिडीवर."

"म्हणजे तू चुकलास."

"तूही."

"मीही," दात्या म्हणाला, आणि मान वर करून त्यानं पहिल्यांदा मापसाहेबांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "उजवा गाल सुजलाय. बस. आ कर."

मापसाहेब मुकाट्यानं बसले. दात्यानं खिडकीच्या उजेडात पाहिलं आणि ओरडलाच, "अरे गाढवा, ही कधीपासून?"

"चार वर्षं."

"दुसऱ्या कुणाकडे जायचंस ना!"

"दुसऱ्याकडे कसा जाणार रे?" मापसाहेब म्हणाले.

दात्यानं चष्मा काढला आणि तो शर्टाला पुसत राहिला. मग बांधलेल्या खोक्यांतून एक खोकं फोडून हत्यारं बाहेर काढली.

दोन दिवसांनी, शुक्रवारी सकाळी, दोघं पुन्हा पुढच्या खोलीत बसले. रविवारपर्यंत थांबायला सवड नव्हती. डीलक्स खोका बायकोनं पायाखाली घ्यायला म्हणून ठेवला होता, त्या कामाला तो उत्तम होता. त्यांनी जुना हौद लावला. दुसरी बाजू आली, संथ गाणं सुरू झालं, आणि हजारदा ऐकलेलं ते गाणं दोघांनाही ओळखू येईना. वर शिडीवर एक माणूस होता. गिटार वाजत होती आणि तो दाबून धरत होता. तिसरं मिनिट. चौथं. मापसाहेबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. दात्या छतातल्या दिव्याकडे बघत होता. पाचव्या मिनिटाला दोघांनी श्वास रोखला. शांतता आली.

खोकला आला.

"सुटला बिचारा!" दोघं एकदम म्हणाले, आणि तेवीस वर्षांचा न बोलण्याचा नियम पहिल्यांदा मोडला.

गाणं संपलं. दात्यानं डोळे टिपले, मग सावरून बसला. "गाणं संपायच्या आधीच उतरला असेल तो."

"छे! हलू नको म्हटलं होतं त्याला. शेवटपर्यंत वरच होता."

"अरे, शेवटाला एक कुरकुर ऐकू येते. ती शिडीची आहे."

"ती गिटारच्या पट्ट्याची आहे."

"तुला माणसांतलं..."

"अहो!" बायको स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. "पुन्हा सुरू करू नका हो! त्या माणसाचा पत्ता आहे ना तुमच्याकडे? सरळ पत्र टाका आणि विचारा, उतरला कधी."

मापसाहेबांनी दात्याकडे पाहिलं. दात्यानं मापसाहेबांकडे पाहिलं.

"मुळीच विचारायचं नाही," दात्या म्हणाला.

"का?"

"उद्यापासून मी तिकडं आणि हा इकडं," दात्या म्हणाला. "विचारलं, तर मग दर रविवारी फोनवर आम्ही भांडायचं कशावरून?"